नवतारा मंदावतो, तेव्हा मोजणी सुरू होते
डोळा आणि साधा कॅमेरा यांनी ताऱ्याचे तेज कसे नोंदवतात? भारतातील एका रात्रीच्या नोंदीला महत्त्व का?

विश्रामबाग : सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या मध्ये वसलेल्या विश्रामबागेतून एप्रिल-मे महिन्यांत रात्री पूर्वेकडे पाहिले, तर स्वातीच्या नारिंगी ताऱ्याखाली मंद ताऱ्यांची एक छोटी कमान दिसते. हा 'उत्तर मुकुट' तारकासमूह. या कमानीला लागूनच 'टी कोरोने बोरिॲलिस' नावाचा एक तारा आहे. एरवी तो इतका मंद असतो, की नुसत्या डोळ्यांना मुळीच दिसत नाही. मात्र १८६६ मध्ये आणि पुन्हा १९४६ मध्ये तो अचानक उजळला आणि काही काळ आकाशातील ठळक ताऱ्यांच्या पंक्तीत जाऊन बसला. साधारण ऐंशी वर्षांचे हे अंतर लक्षात घेऊन २०२४ च्या सुमारास त्याचा पुढचा स्फोट होईल, असा अंदाज काही खगोलशास्त्रज्ञांनी वर्तविला होता. प्रत्यक्षात २०२४ हे वर्ष स्फोटाविनाच सरले.

असा तारा उजळतो त्या दिवशी जगभर बातमी होते. आठवडाभरात तो पुन्हा डोळ्यांआड जातो आणि बातमीही विरून जाते. अभ्यासकांचे खरे काम मात्र याच उताराच्या काळात सुरू होते. नवतारा किती दिवसांत, कोणत्या वेगाने आणि कोणत्या वळणांनी मंदावला, यावरून त्या ताऱ्याविषयीची बरीचशी माहिती हाती लागते. ही नोंद ठेवण्यासाठी मोठी वेधशाळा लागतेच असे नाही. सराव झालेला डोळा, हातातली द्विनेत्री किंवा तिपाईवर बसवलेला साधा डिजिटल कॅमेरा यांच्या साहाय्याने हौशी निरीक्षकही ती ठेवू शकतात आणि शंभराहून अधिक वर्षे ठेवत आले आहेत.

नवतारा म्हणजे काय?

'नवतारा' हे नाव फसवे आहे. जेथे काहीच दिसत नव्हते तेथे तारा दिसू लागला, म्हणून जुन्या निरीक्षकांनी त्याला नवा म्हटले. वास्तविक तो म्हाताऱ्या ताऱ्याचा खेळ असतो. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या जोडीत एक श्वेत बटू असतो. सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपल्यानंतर उरलेला, पृथ्वीएवढ्या आकाराचा पण अतिशय घन असा हा गाभा. जोडीदार ताऱ्याकडून हायड्रोजनयुक्त वायू त्याच्यावर ओतला जात असतो. वर्षानुवर्षे साचलेल्या या थराच्या तळाशी दाब आणि तापमान एका मर्यादेपलीकडे गेले, की तेथे अणुगर्भीय ज्वलन भडकते आणि संपूर्ण थर अंतराळात भिरकावला जातो.

या स्फोटात तारा नष्ट होत नाही. अतिनवताऱ्यात आणि नवताऱ्यात हाच मोठा फरक आहे. स्फोट ओसरल्यावर वायूचे साचणे पुन्हा सुरू होते. बहुतेक नवताऱ्यांना पुढच्या स्फोटासाठी हजारो वर्षे लागतात. काही थोडे तारे मात्र माणसाच्या आयुष्याच्या मापात पुन्हा पुन्हा भडकतात. त्यांना आवर्ती नवतारे म्हणतात. उत्तर मुकुटातील तारा त्यांपैकी एक. भुजंगधारी समूहातील 'आरएस ऑफियुची' हा दुसरा. तो १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१ या वर्षी उजळलेला नोंदला गेला आहे.

नवतारा मंदावतो म्हणजे तो थंड होतो, असा सर्वसाधारण समज असतो. घडते ते वेगळेच. स्फोटात बाहेर पडलेले वायूचे कवच सुरुवातीला अपारदर्शक असते. ते फुगत जाते तसा त्याचा उजळ पृष्ठभाग मोठा होतो आणि तारा तेजाच्या शिखरावर पोचतो. पुढे कवच विरळ होते आणि त्यातून आतले अधिक तप्त थर दिसू लागतात. या थरांचा प्रकाश मुख्यतः अतिनील असतो आणि तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही. म्हणजे ताऱ्याची एकूण ऊर्जा काही काळ जवळपास तेवढीच राहते, पण तिचा डोळ्याला दिसणारा वाटा घटत जातो. दृश्य प्रकाशातील उताराचा आलेख हा त्यामुळे कवच किती जलद विरळ होत आहे याचाच आलेख ठरतो.

खोडदच्या दुर्बिणीला मिळालेला 'पहिला दिवस'

या नोंदींचे मोल समजण्यासाठी महाराष्ट्रातलेच उदाहरण पुरेसे आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये आरएस ऑफियुचीचा स्फोट झाला. १२ फेब्रुवारीच्या रात्री, जपानमध्ये पहाट होत असताना, हिरोआकी नारुमी या हौशी निरीक्षकाला तो तारा साडेचारच्या प्रतीचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळ झालेला आढळला. सूचना जगभर गेली आणि अनेक दुर्बिणी भुजंगधारीकडे वळल्या.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेली 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप', म्हणजे जीएमआरटी, त्यांपैकी एक होती. ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेनांच्या या दुर्बिणीने स्फोटानंतर विसाव्या दिवशी ६१० मेगाहर्ट्झला आणि अडतिसाव्या दिवशी ३२५ मेगाहर्ट्झला या नवताऱ्याचे रेडिओ संकेत टिपले. इतक्या कमी कंप्रतेला या ताऱ्याचा स्फोट प्रथमच टिपला गेला होता. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील निमिषा कंथारिया, बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेतील जी. सी. अनुपमा, टी. पी. प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८५ च्या स्फोटाच्या वेळी तितक्याच कमी कंप्रतेला सहासष्टाव्या दिवशीही काही आढळले नव्हते. त्यावरून जोडीदार लाल राक्षसी ताऱ्याने भोवती सोडलेल्या वायूची घनता २००६ मध्ये १९८५ च्या तुलनेत केवळ सुमारे ३० टक्के असावी, असा तर्क या गटाने मांडला.

यात 'विसावा', 'अडतिसावा', 'सहासष्टावा' हे सर्व दिवस मोजले गेले ते दृश्य प्रकाशातील पहिल्या नोंदीपासून. तो आरंभबिंदू एका सजग निरीक्षकाने दिलेला होता. तो दोन-तीन दिवस उशिरा हाती आला असता, तर दोन स्फोटांची तुलनाच त्या प्रमाणात सैल झाली असती.

प्रत : उलटी मोजपट्टी

ताऱ्याचे तेज 'प्रत' या एककात सांगितले जाते. ही मोजपट्टी उलटी आहे. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. अभिजित जवळपास शून्य प्रतीचा, ध्रुवतारा दुसऱ्या प्रतीचा आणि काळोख्या गावाकडच्या आकाशात जेमतेम दिसणारा तारा सहाव्या प्रतीचा मानला जातो. ही प्राचीन ग्रीकांची प्रतवारी. तिला गणिती रूप देण्याचा प्रस्ताव १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी मांडला. हेच पॉगसन पुढे १८६१ पासून मद्रास वेधशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या व्याख्येनुसार पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात शंभर पटींचा फरक आणि एका प्रतीचा फरक म्हणजे सुमारे अडीच पटींचा.

त्यामुळे नवतारा तीन प्रतींनी उतरला, असे म्हटले की त्याचे दृश्य तेज सुमारे सोळाव्या हिश्शावर आले, असा अर्थ होतो. आरएस ऑफियुचीला एवढे उतरायला साधारण पंधरवडा पुरतो. उत्तर मुकुटातला तारा एरवी दहाव्या प्रतीचा असतो आणि स्फोटात दुसऱ्या प्रतीच्या आसपास पोचतो. आठ प्रतींचा हा फरक दीड हजार पटींहून अधिक आहे.

डोळ्याने कसे मोजतात?

डोळ्याला ताऱ्याचे तेज आकड्यात सांगता येत नाही. मात्र शेजारच्या दोन ताऱ्यांपैकी कोणता अधिक उजळ, हे तो बऱ्यापैकी अचूक सांगतो. संपूर्ण पद्धत याच क्षमतेवर उभी आहे. ज्याची प्रत ठाऊक आहे आणि जी बदलत नाही, असे तुलना तारे नकाशावर दिलेले असतात. निरीक्षकाने नवताऱ्यापेक्षा किंचित उजळ असा एक आणि किंचित मंद असा दुसरा तुलना तारा निवडायचा आणि या दोघांच्या दरम्यान नवतारा कोठे बसतो, ते ठरवायचे.

समजा, उजळ तुलना ताऱ्याची प्रत ५.० आहे आणि मंद ताऱ्याची ५.८. दोघांत ०.८ प्रतीचे अंतर आहे. नवतारा उजळ ताऱ्याच्या अधिक जवळचा वाटतो. अंतराचे चार भाग केले तर तो एक भाग खाली आहे. ०.८ चा चौथा भाग ०.२. म्हणून नवताऱ्याची प्रत ५.२ अशी नोंदवायची. तराजूत दोन वजनांच्या मध्ये माल जोखण्यासारखाच हा प्रकार आहे. सराव झालेल्या निरीक्षकाच्या नोंदीत साधारण ०.१ ते ०.२ प्रतीची चूक राहू शकते.

अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ मध्ये स्थापन झालेली संस्था असे नकाशे पुरवते आणि जगभरातील नोंदी एकत्र ठेवते. तिच्या नकाशांवर ५.२ प्रत '५२' अशी छापलेली असते. दशांशचिन्हाचा ठिपका एखादा तारा समजला जाऊ नये, हे त्यामागचे साधे कारण.

पद्धत सोपी असली तरी डोळा फसवतो, आणि कोठे फसवतो हे ठाऊक असणे हेच निरीक्षकाचे निम्मे शिक्षण आहे. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना किमान वीस मिनिटे द्यावी लागतात. तेवढ्यात एकदा मोबाइलच्या पडद्यावर नजर गेली, की सराव पुन्हा पहिल्यापासून. तुलना तारा आणि नवतारा क्षितिजापासून साधारण सारख्या उंचीवर असावेत, कारण खालच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या अधिक जाड थरातून येतो. डिसेंबर २०१३ मध्ये नरतुरंग समूहात तिसऱ्या प्रतीपर्यंत पोचलेला नवतारा सांगलीच्या अक्षांशावरून सर्वाधिक उंचीवर असतानाही क्षितिजापासून अवघा १४ अंश वर येतो. इतक्या खाली केवळ हवेमुळेच पाऊण-एक प्रतीचा तोटा होऊ शकतो.

लाल रंग ही आणखी एक अडचण. मंदावताना अनेक नवतारे तांबूस दिसू लागतात. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिले, तर तो हळूहळू अधिक उजळ भासू लागतो. म्हणून अशा ताऱ्याकडे रोखून न पाहता झटकन नजर टाकून निर्णय घ्यावा, असे अनुभवी निरीक्षक सांगतात.

सर्वात मोठा धोका मात्र डोळ्यात नसून मनात असतो. काल ५.२ होता, म्हणजे आज ५.४ असणार, असे ठरवून पाहिले की तसेच दिसते. त्यामुळे आदल्या रात्रीची वही उघडायची नाही आणि इतरांच्या नोंदी आधी वाचायच्या नाहीत, हा नियम कसोशीने पाळावा लागतो.

कॅमेऱ्याने कसे मोजतात?

डिजिटल एसएलआर कॅमेरे हाती आल्यापासून हौशी निरीक्षकांची मजल वाढली. साध्या ५० मिलिमीटर भिंगाने आणि तिपाईवरून सहाव्या-सातव्या प्रतीपर्यंतचे तारे शहरालगतच्या आकाशातही टिपता येतात. छायाचित्र सुंदर येणे आणि ते मोजण्याजोगे असणे, या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत.

छायाचित्र जेपीईजीऐवजी 'रॉ' स्वरूपात साठवावे लागते. जेपीईजी करताना कॅमेरा तेजाचे प्रमाण स्वतःच बदलून टाकतो. तारे जाणूनबुजून किंचित अस्पष्ट ठेवतात, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश एकाच बिंदूत न साठता संवेदकाच्या अनेक बिंदूंवर पसरतो. एखादा बिंदू प्रकाशाने काठोकाठ भरला, की त्यानंतर पडलेल्या प्रकाशाचा हिशेब लागत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे सरकतात म्हणून पाच-दहा सेकंदांची अनेक छायाचित्रे घेऊन ती एकत्र करतात. यामुळे ताऱ्यांच्या लुकलुकण्याचा परिणामही कमी होतो. भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळेची काही 'काळी' छायाचित्रेही घेतात. कॅमेऱ्याचा स्वतःचा गोंगाट त्यांतून कळतो आणि वजा करता येतो.

पुढचे काम संगणकावर होते. ताऱ्याभोवती एक वर्तुळ कल्पून त्यातील प्रकाश मोजायचा, शेजारच्या रिकाम्या आकाशाचा प्रकाश त्यातून वजा करायचा आणि उरलेल्या आकड्याची तुलना ठाऊक ताऱ्याशी करायची. तिसरा एक ठाऊक तारा पडताळणीसाठी ठेवतात. त्याची प्रत बरोबर आली, तरच नवताऱ्याच्या प्रतीवर विश्वास ठेवायचा. काळजीपूर्वक केलेल्या या मोजमापातील चूक काही शतांश प्रतींपर्यंत खाली येते. शिवाय छायाचित्र जपून ठेवता येते आणि शंका आल्यास पुन्हा मोजता येते. डोळ्याच्या नोंदीला ही सोय नाही.

दोघांचे आकडे जुळत नाहीत, तेव्हा

असे असूनही डोळ्याची नोंद बाद ठरत नाही. नवताऱ्याच्या बाबतीत एकाच रात्री डोळा एक प्रत सांगतो आणि कॅमेरा दुसरी, असे अनेकदा घडते. यात दोघांपैकी कोणी खोटे बोलत असते असे नाही.

साधा तारा सर्व रंगांत कमी-अधिक प्रमाणात, पण सलग प्रकाश देतो. नवताऱ्याचे कवच विरळ होऊ लागले, की त्याचा प्रकाश मोजक्या रंगरेषांत एकवटतो. हायड्रोजनची लाल रेषा ६५६ नॅनोमीटरला असते. पुढच्या टप्प्यावर ऑक्सिजनची हिरवट रेषा ५०१ नॅनोमीटरच्या आसपास ठळक होते. बाजारात मिळणाऱ्या कॅमेऱ्यात संवेदकापुढे बसवलेली गाळणी ती लाल रेषा बरीचशी अडवते. ऑक्सिजनची रेषा मात्र कॅमेऱ्याच्या हिरव्या बिंदूंत सहज शिरते. वेधशाळांतील प्रमाणित दृश्य गाळणीच्या ती अगदी कडेवर पडते. अंधाराला सरावलेला डोळा तर याच हिरवट रंगाला सर्वाधिक संवेदनशील असतो. एकाच ताऱ्याकडे वेगवेगळ्या खिडक्यांतून पाहिल्यासारखे हे आहे.

साध्या ताऱ्यांसाठी रंगानुसार दुरुस्ती करण्याची सूत्रे आहेत, पण ती सलग प्रकाशावर बेतलेली असल्याने रेषांनी उजळलेल्या नवताऱ्याला नीटशी लागू पडत नाहीत. म्हणून प्रतीसोबत ती कशाने मोजली, हे लिहिणे अनिवार्य असते. डोळ्याने की कॅमेऱ्याने, कॅमेऱ्याच्या कोणत्या रंगातून आणि कोणते तुलना तारे वापरून, याचा उल्लेख नसलेली नोंद अभ्यासकाच्या फारशी उपयोगाची नसते. हा उल्लेख असेल, तर दोन आकड्यांमधील तफावतच माहिती ठरते. कवच विरळ होऊन रेषांचे राज्य सुरू झाले आहे, असे ती सुचवते.

जुन्या काळाशी सांधा जोडण्यासाठीही डोळा लागतो. १८६६ मध्ये कॅमेरा या कामाला आलेला नव्हता. त्या स्फोटाची तुलना पुढच्या स्फोटाशी करायची, तर त्याच मापकाने केलेल्या नोंदी हाताशी असाव्या लागतात.

उताराच्या तऱ्हा

तेज दोन प्रतींनी घटायला लागणाऱ्या दिवसांवरून नवताऱ्यांचे वर्ग पाडले जातात. दहा दिवसांच्या आत उतरणारा अतिजलद, पंचवीस दिवसांपर्यंतचा जलद, तर दीडशे दिवसांहून अधिक रेंगाळणारा अतिमंद. सर्वसाधारणपणे श्वेत बटू जितका जड, तितका उतार वेगवान. १२ जून २०२१ रोजी जपानच्या सेइजी उएदा यांना शौरी समूहात सापडलेला 'व्ही १६७४ हर्क्युलिस' हा नवतारा तर जेमतेम सव्वा दिवसात दोन प्रतींनी घसरला.

सगळेच उतार सरळ नसतात. डिसेंबर १९३४ मध्ये शौरी समूहातच उजळलेला 'डीक्यू हर्क्युलिस' काही महिने रेंगाळला आणि १९३५ च्या वसंतात एकाएकी कोसळून नुसत्या डोळ्यांना दिसेनासा झाला. नंतर तो पुन्हा काहीसा उजळला. मार्च २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन सीच यांनी शोधलेल्या धनु समूहातील नवताऱ्याने प्रथम अनेक हेलकावे खाल्ले आणि मग अशीच खोल बुडी मारली. बाहेर फेकलेला वायू थंड होताना त्यात धुळीचे कण तयार होतात आणि त्यांचा पडदा ताऱ्याला झाकतो, हे या बुडीचे कारण. ती नेमकी केव्हा सुरू झाली आणि किती खोल गेली, हे कळले तर धूळ केव्हा आणि किती जमली याचा अंदाज येतो. या काळातील नोंदींत आठवड्याची फट राहिली, तर बुडीची सुरुवातच निसटते.

मोठ्या दुर्बिणी ही फट भरून काढतील, असे समजण्याचे कारण नाही. चौथ्या-पाचव्या प्रतीचा तारा मोठ्या दुर्बिणीच्या संवेदकाला अनेकदा झेपत नाही. त्याच्या प्रकाशाने संवेदक क्षणात भरून जातो. शिवाय तेथील प्रत्येक तास आधीच वाटून दिलेला असतो. उजळ नवताऱ्यासाठी छोटे भिंग आणि मोकळी गच्ची हेच सोयीचे साधन ठरते.

भारतातील रात्रीचे मोल

पृथ्वीवर एका वेळी निम्म्या भागातच रात्र असते. अमेरिकेत दिवस असताना आशियातल्या निरीक्षकांनी ताऱ्यावर लक्ष ठेवायचे असते. जपानमध्ये पहाटेचे पाच वाजतात तेव्हा भारतात रात्रीचा दीड वाजलेला असतो आणि मध्य युरोपात जेमतेम नऊ. जपान आणि ऑस्ट्रेलियातला उजेड ते युरोपातला अंधार, यांमधला दुवा म्हणजे भारताची रात्र. सव्वा दिवसात दोन प्रती उतरणाऱ्या ताऱ्यासाठी हा दुवा किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको. खगोलशास्त्रातील 'ज्युलियन दिवस' ग्रीनिचच्या दुपारी बारा वाजता, म्हणजे भारतीय वेळेनुसार सायंकाळी साडेपाचला बदलतो. त्यामुळे येथील संपूर्ण रात्र एकाच दिनांकात बसते, ही भारतीय निरीक्षकांना मिळालेली एक छोटी सोय.

ही परंपरा भारतात नवी नाही. अविभाजित बंगालमधील जेसोर येथे सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी जून १९१८ मध्ये गरुड समूहात भडकलेला नवतारा स्वतंत्रपणे पाहिला. त्यांचा अमेरिकेतील संस्थेशी संबंध आला, तिने त्यांच्यासाठी सहा इंची दुर्बीण पाठवली आणि त्यांनी पुढील काही दशकांत रूपविकारी ताऱ्यांच्या सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आहे.

आपल्याकडची मोठी अडचण आहे ती पावसाळ्याची. आरएस ऑफियुचीचे शेवटचे दोन स्फोट याची साक्ष देतात. २००६ चा स्फोट फेब्रुवारीत झाला. तारा पहाटे पूर्वेला होता आणि महाराष्ट्राचे आकाश बहुधा निरभ्र असण्याचे ते दिवस. २०२१ चा स्फोट ८ ऑगस्टला उघडकीस आला. तारा रात्रीच्या पहिल्या प्रहरीच दक्षिणेला उंच होता, पण महिना पावसाळ्याचा. सांगली तर जुलैअखेरच्या कृष्णेच्या महापुरातून जेमतेम बाहेर पडत होती. नामिबियातील आणि कॅनरी बेटांवरील गॅमा किरण वेधशाळांनी याच स्फोटातून अतिउच्च ऊर्जेचे किरण टिपले. नवताऱ्यापासून असे किरण प्रथमच मिळत होते. ढगांतून मिळालेल्या एखाद्या उघडिपीत केलेली एक नोंदही अशा वेळी मोलाची ठरते.

चुकलेली एक रात्र

उत्तर मुकुटातील ताऱ्याबाबत अमेरिकेच्या ओहायो राज्यातील प्रसिद्ध हौशी निरीक्षक लेस्ली पेल्टियर यांची हकिगत खगोलप्रेमींत सांगितली जाते. त्यांनी या ताऱ्यावर पंचवीस वर्षे पाळत ठेवली होती. फेब्रुवारी १९४६ मधील एका रात्री ते नेमाप्रमाणे अडीच वाजता उठले. पण सर्दी होण्याची चिन्हे वाटल्याने पुन्हा झोपी गेले. स्फोट नेमका त्याच रात्री झाला. आपल्या आत्मकथनात त्यांनी ही चूक मोकळेपणाने कबूल केली आहे. त्यांची पंचवीस वर्षे मात्र वाया गेली नाहीत. स्फोटापूर्वी काही काळ हा तारा नेहमीपेक्षा मंद झाला होता, हे जुन्या नोंदींतूनच कळले. २०२३ च्या सुमारास त्याचे तेज पुन्हा तसेच घटल्याचे दिसल्यावर २०२४ चा अंदाज पुढे आला, तो या नोंदींच्या आधारावरच. तो अंदाज चुकला, यातूनही ताऱ्याविषयी काही शिकायला मिळाले.

विश्रामबागेच्या पश्चिमेला सांगलीचा आणि पूर्वेला मिरजेचा झगमगाट आहे. विलिंग्डन आणि वालचंद महाविद्यालयांच्या परिसरांतून पूर्वी दिसणारे मंद तारे आता सहज दिसत नाहीत. तरीही उत्तर मुकुट येथून जवळजवळ डोक्यावर येतो. त्यातील 'टी' तारा मध्यान्हरेषेवर असताना खस्वस्तिकापासून उत्तरेला अवघा नऊ अंश दूर असतो. इतक्या उंचीवर हवेचा आणि दिव्यांचा उपद्रव सर्वात कमी. मे महिन्यात मध्यरात्रीच्या सुमारास आणि ऑगस्टमध्ये अंधार पडताच तो पश्चिमेकडे कलण्यापूर्वी पाहता येतो.

सुरुवात करू इच्छिणाऱ्याने पहिल्यांदा नवताऱ्याची वाट पाहत बसू नये. मुकुटाची कमान ओळखावी, तिच्यातील सर्वात ठळक २.२ प्रतीच्या अल्फेका ताऱ्यापासून मंद ताऱ्यांपर्यंतचा क्रम लावावा आणि आपल्या गच्चीवरून कितव्या प्रतीपर्यंत दिसते, हे ठरवावे. स्फोट झालेला नसेल, तर 'चौथ्या प्रतीपर्यंत पाहिले, दिसला नाही' अशी वेळेसह नोंद करावी. न दिसल्याची नोंदही उपयोगी असते. स्फोट कोणत्या तासानंतर झाला, हे तीच सांगते. तारा उजळला, तर रोज एकच आकडा, वेळ, वापरलेले साधन आणि तुलना तारे लिहावेत. नुसत्या डोळ्यांना तो दिसेनासा झाला की द्विनेत्री घ्यावी. द्विनेत्रीतूनही दिसेनासा होईपर्यंत वही बंद करू नये.